आबाजींच्या बैठकीतलं मेडल

तीर्थरूप मामाजींच्या चरणी मालेगावहून जावई हरीओमचा साष्टांग नमस्कार.

तुमची म्हैस कशी आहे? तुमचा गुडघा कसा आहे? (फोनवर तुम्ही आधी म्हशीचंच सांगता, म्हणून तोच क्रम ठेवला आहे.) कारंज्याकडे सोयाबीन फुलावर आलं असेल. इकडे सर्व खुशाल आहे, म्हणजे मी सोडून सर्व. फोन लावला की तुम्ही "बोला जावईबापू" म्हणता, आणि मी पावसापासून सुरुवात करून पावसावरच थांबतो. म्हणून हे पत्र. दुकानात फवारणीचे पंप दुरुस्तीला रांगेनं उभे आहेत. एकाचं झाकण उघडतो, दुसऱ्याचं लावतो, मधेच उठून दोन ओळी लिहितो आणि पुन्हा पहिलं झाकण कुठं गेलं ते शोधतो.

विषय वैशूच्या शाळेचा आहे. घाबरू नका. (मी घाबरलो आहे, दोघांत तेवढं पुरे.)

लग्न ठरताना तुमची एकच अट होती, नातवंडं कॉन्व्हेंटात शिकली पाहिजेत. मी ती पाळली. आपल्याकडे कॉन्व्हेंटांना काय तोटा? रसवंतीवर चार पत्रे टाकले आणि लेकरांना टाय बांधला की झालं कॉन्व्हेंट. वैशूला घातलं त्याच्या फाटकावर मारुती आहे, आत रोज आरती होते, फक्त मराठी बोलायला बंदी. (मारुतीशी कोणत्या भाषेत बोलतात ते मी विचारलं नाही.) वर्ष संपताना तिला शिस्तीचं मेडल मिळालं. तुम्ही ते बैठकीत, तुमच्या वडिलांच्या फोटोखाली टांगलं आणि आल्यागेल्याला चहाआधी दाखवलं. मीही पेढे वाटले. मेडल नेमकं कशाचं, हे विचारायचं दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही.

मग तुमच्या लेकीच्या, निताच्या लक्षात आलं, पोरगी घरीसुद्धा बोलेनाशी झाली आहे. पाणी हवं तर बोट दाखवायची. जी शेळीशी तोंडाला तोंड देऊन भांडायची, ती आता शेळी ओरडली की ओठांवर बोट ठेवून तिला गप्प करू लागली. ते पाहून निता आधी हसली, मग रडायला लागली. मामाजी, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

निता म्हणाली, "हे कॉन्व्हेंटच खोटं हाये. खरं पाहा कुठी भेटते तं." मला पटलं. आमच्या पलीकडे एका खेड्यात चर्चची लहानशी शाळा आहे. चर्च म्हटल्यावर कॉन्व्हेंट यापेक्षा खरं कोणतं? मी लग्नातला कोट चढवला, "माय नेम इज हरीओम" पाठ केलं आणि वैशूला गाडीवर बसवून निघालो. वाटेत वाटलं, चर्चमध्ये जातो आणि कपाळावर गंध, कसं दिसेल? पुसलं. थोडं पुढं गेल्यावर वाटलं, मारुती काय म्हणेल? आता पुन्हा लावायला गंध आणायचं कुठून? मग नुसतंच बोटानं चोळत राहिलो. पोचलो तोवर कपाळ असं लाल झालं होतं, की गंध लावलं काय आणि पुसलं काय, सारखंच.

शाळा पाहून मी खचलो. एवढंसं चर्च, त्याला लागून दोन खोल्या, एक ओसरी, समोर चिंच. ना टाय, ना बस. हेडबाई रूथबाई इंगळे नळावर लेकरांचे हात धुऊन देत होत्या. मी माझं वाक्य म्हटलं. त्या हसल्या. "नाव तं तुमचं प्रार्थनेसारखंच हाये. पण मराठीत बोला ना भाऊ, शाळा मराठीच हाये आमची."

एवढ्या खटपटीनं खरं कॉन्व्हेंट शोधलं, ते मराठी निघालं! मी कपाळाला हात लावला. (आधीच आग होत होती.) मग त्यांना इंग्रजीचं महत्त्व समजावलं, जगाची चाल सांगितली, तुमची अट सांगितली, तुमच्या गुडघ्याचंही सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. वळून पाहतो तर वैशू जवळ नाही. चिंचेखाली पोरांचा घोळका होता आणि त्यातून तिचा आवाज येत होता. आपल्या शेळीनं लग्नाची पत्रिका कशी खाल्ली ते ती सांगत होती. पत्रिका कोणाची, शेळीनं आधी नवरा खाल्ला की नवरी, ठसका कुठं लागला, सगळं अगदी हातवारे करून. किती महिन्यांनी तो आवाज ऐकला मी. कोट काढून तोंडावर धरावा लागला. ऊन फार होतं.

तरी मन बसेना. परतताना पुलावर गाडी वळवली, पुन्हा वळवली. वैशूनं विचारलं, "बाबा, आपलं काही पडलं काय?" तेव्हा आता तुम्हीच सांगा, तुमची अट मोठी की हे? तुम्ही म्हणाल तसं करू.

तुमचा (बहुतेक बाबतींत) आज्ञाधारक जावई,
हरीओम

ता. क. वर सल्ला विचारला तो आदरापोटी. नाव जूनमध्येच घातलं. रोज दुपारी पंप तसेच टाकून मी शाळेच्या कुंपणाबाहेर उभा असतो. काल रूथबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, घरी जा. लेकरू कधीचंच रमलं, तुमीच रमून नाही राह्यले."

ता. क. दुसरा. कोणी विचारलंच तर नात कॉन्व्हेंटात आहे म्हणून खुशाल सांगा. चर्च असलेलं आमच्या बाजूला तेवढं एकच आहे.

ता. क. तिसरा, ज्याच्यासाठी एवढी शाई गेली. तान्ह्या पोळ्याला आम्ही कारंज्याला येतो आहोत. त्याआधी ते मेडल बैठकीतून काढा. परवा वैशूनं निताला सांगितलं, "तिथं शूले जायाचं बी इंग्रजीत इचारा लागे. मले येत नव्हतं. म्हणून मी चूप बसत होती. ओली झाली तरी चूपच बसत होती." ते मेडल त्याचं आहे, मामाजी.

ता. क. शेवटचा. लिहिलेलं मोठ्यानं वाचत होतो, ते वैशूनं ऐकलं. ती म्हणते वरचं खोडा आणि हे लिहा: "आबाजी, तुमी नका काढू. मले फक्त उचलजा. मीच काढीन."