बदाम कुणाच्या वाट्याला

१२ नोव्हेंबर १९५९
उद्या वाटण्या. मामंजी जाऊन वर्ष झालं, आता घराचे दोन भाग. आमच्यात रीत अशी की थोरल्यानं भाग पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. आठवडाभर हे दोरी घेऊन परसात फिरतायत. एका भागात विहीर नि पुढच्या पक्क्या खोल्या. दुसऱ्यात मागचं गळकं कौलारू, मोकळी जागा आणि बदामाचं झाड. म्हटलं, असे कसे हो भाग, लहान पोराला विचारलं तरी विहीर घेईल. तर हसले. म्हणाले, "घेऊ दे की. श्रीपतीला पोरी आहेत, पाणी त्यालाच हवं. आपल्याला बदाम राहील." स्वतःच्याच घरात कुजबुजत बोलत होते.
लग्नानंतर ह्यांनीच लालबागेच्या रोपवाटिकेतून आणलेलं रोप. खालच्या फांदीवर पहिलं पान तांबडं झालंय.

१३ नोव्हेंबर
भाऊजींनी बदामाची बाजू उचलली.
"अण्णा, मला मागची."
"विहीर नको?"
"नको."
"नीट बघ, श्रीपती."
"बघितलं की."
हे कानडीत "सरी", बरं, एवढंच म्हणाले. टोपी काढली, परत घातली. मी आत जाऊन ताक घुसळत बसले, लोणी केव्हाच आलं होतं. माणसानं इतकं शहाणं असू नये. सरळ "मला बदाम हवा" म्हटलं असतं तर भाऊजींनी पायावर आणून ठेवला असता.

२ डिसेंबर
परसात मेंदीच्या काड्या रोवल्या, कुंपण. बदाम पलीकडे. फांद्यांना कुठलं कुंपण कळतंय, निम्मी पानं आमच्याच अंगणात पडतात. मी झाडत नाही. कामवाली म्हणते, अम्मा, कचरा. म्हटलं, राहू दे.

२४ डिसेंबर
आता सगळं झाड रंगलंय. देठाकडे हिरवं, मध्ये हळदीसारखं, कडेला विटकरी, नि काही पानं अगदी गडद कुंकू. दोन पानं सारखी सापडायची नाहीत. आमच्या आख्ख्या बसवनगुडी भागात थंडी पडली की रंगणारं झाड आपलंच, असं हे दरवर्षी म्हणतात. यंदा "आपलंच" म्हणता म्हणता थांबले.
सकाळी खुर्ची कुंपणाला लावून बसतात. पेपर उलटा धरला तरी कळायचं नाही त्यांना. मी तरी वेगळं काय करते, निवडायचं ताट घेऊन तिथंच बसते. इतकं सुंदर दिसतं आणि बघवत नाही.

३० डिसेंबर
भाऊजी आले होते. मागे दोन खोल्या काढून भाड्यानं द्यायच्या म्हणतात. पोरी लग्नाच्या झाल्या, पगार पुरत नाही. जागा तेवढीच, बदामाखालची. चाचरत बोलले. हे म्हणाले, "तुझी जागा आहे, बांध." नंतर जेवले नाहीत, पोट बरं नाही म्हणे. पोटाला काय झालंय ते मला ठाऊक आहे.
म्हटलं, अदलाबदल करू या, मी बोलते भाऊजींशी. माझ्यावर डाफरले. "विहिरीकडे हातभर तरी रिकामी जागा आहे का? मग तो खोल्या कुठे काढणार? झाडासाठी पोरींच्या तोंडचा घास काढू?" कुठूनही गेलं तरी भिंतच.

१५ जानेवारी १९६०
संक्रांत. एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इकडचा तीळगूळ, घेऊन पलीकडे गेले. मनात ठरवून गेले होते, काही झालं तरी आज बोलायचं. निदान एक वर्ष थांबा, एवढंच म्हणायचं. बसते न बसते तोच भाऊजी म्हणाले, "वहिनी, विहीर मी मुद्दामच सोडली हं. तुमचे गुडघे असे, तुम्ही कोपऱ्यावरच्या नळाला कुठे जाणार? अण्णांना सांगू नका, ते परत करायला निघतील."
जाऊ, सरस्वती, तोंडभर हसून माझ्याकडे बघत होती. आमच्या विहिरीवर ये म्हटलं तरी न येता गेले दोन महिने तीच बिचारी नळावर घागरी भरते. मी तीळ चावत राहिले. कपाळ माझं. घरी येऊन ह्यांनाही सांगितलं नाही.

२९ जानेवारी
बुधवारी झाड पाडायचं. भाऊजी विचारायला आले, "अण्णा, पूजा तुमच्या हातानंच व्हायला हवी." झाड तोडण्याआधी घरातल्या थोरल्यानं हळदकुंकू वाहून, नारळ फोडून त्याची क्षमा मागायची असते. हे म्हणाले, "सरी, करतो." आवाज अगदी नेहमीचा. मला ह्यांचा राग आला, भाऊजींचा आला, आणि दोघांत रागावण्यासारखं काही सापडेना म्हणून मांजरावर ओरडले.

२ फेब्रुवारी
गांधी बझारातून नारळ मीच आणला. पूजेचा नारळ नासका निघाला तर काम पुढे ढकलतात. ढीगभर हलवले, कानाशी धरले. दुकानदार म्हणाला, "अम्मा, सगळे चांगलेच आहेत." खरंच होतं, मेला एकही नासका मिळाला नाही.

३ फेब्रुवारी
पूजा झाली. हे झाडाला हात लावून बराच वेळ उभे होते. ओठ हलत होते, क्षमा मागत होते का आणखी काही, देव जाणे. नारळ फुटला, आत पांढराशुभ्र. लाकूडतोड्यानं कुऱ्हाड काढून कानडीत विचारलं, सुरू करू का? भाऊजींनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे.
मी म्हटलं, आधी सगळ्यांनी कॉफी घ्या.
घेतली. म्हटलं, थंडी आहे, आणखी स्वल्प घ्या. तीही घेतली. आता तिसऱ्यांदा ठेवलीय. बाहेर कुणी नको म्हणत नाही. भाऊजी मान खाली घालून बसलेत. फिल्टरमधून डिकॉक्शन थेंब थेंब उतरतंय, तोवर हे लिहितेय. दूध पातेल्याच्या तळाला गेलंय. सरस्वतीकडून अर्धा शेर मागून आणावं का? आणलं तर चौथ्यांदा होईल, तेवढीच कुऱ्हाड थांबेल.