देवीपुढे छत्री

॥ श्री ॥
गोकुळ रोड, हुबळी
२४ मार्च २०२५

चि. सौ. मेधास, अक्काचे अनेक आशीर्वाद.

छत्री पोचली. तिच्यात गुंडाळलेली चिठ्ठीही मिळाली. फोन करत नाही. तुमच्या नवनगरच्या घरी माझा फोन आला की सासूबाई तो स्पीकरवर लावायला सांगतात. म्हणून पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर धाडते. चौथी शिकलेल्या जावेचं लिहिणं आहे, मास्तरीणबाई, लाल पेन घेऊन बसू नकोस.

काल छत्री बाजाराला नेऊन बघितली. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने विचारलं, मळे एल्ली अक्का, पाऊस कुठाय म्हणून. वर्कशॉपच्या दारातली माणसं हसली. आपल्याकडे उन्हात छत्री धरणारी बाई म्हणजे एकतर मडम, नाहीतर आजारी. पण खरं सांगते, डोकं गार राहिलं. परत येताना कोण हसतंय ते बघायचंच राहिलं.

तर तुझं म्हणणं मला कबूल आहे. देवीपुढे छत्र फक्त देवीचं, चैत्रात सुनेने उघड्या उन्हात ओटीचं ताट टेकडीवर न्यायचं, ही आपल्या घरची रीत. तेवीस वर्षं थोरली म्हणून मी नेलं, कुरकुर केली नाही. गेल्या वर्षी टेकडीच्या अर्ध्यात पडले, दोन दिवस सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा झटका एकदा बसला की पुढचा लवकर बसतो. सासूबाई म्हणाल्या, उपास नीट केला नसेल. मला ताट सोडायचं नाही, मेधा. त्या घरात माझं म्हणून तेवढंच आहे. आणि मरायचंही नाही.

तेव्हा ठरलं तसं. फाटकाशी मी छत्री उघडून तुझ्या हातात देणार, सासूबाई ताट माझ्या हातात देणार, आणि वरपर्यंत तू माझ्या डोक्यावर छत्री धरणार. दोघी सुना एका बाजूला असल्या तर बोलणार कोण, असं तू लिहिलंस. ते मी तीनदा वाचलं. आदल्या दिवशी कासाराकडे जाऊन कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून घेते, ताट नेणारीला तो लागतोच.

श्रीनिधीला माझा पापा दे. लोभ आहेच, तो वाढवायला वेळ कुणाला आहे.

तुझी
सरस्वतीअक्का

॥ श्री ॥
हुबळी
१० एप्रिल २०२५

मेधास,

आशीर्वाद लिहिलेत असं समज.

तुझे सात फोन आले, मी उचलले नाहीत. फोनवर तू गोड बोलतेस आणि मी ऐकून घेते. कागदावर मला घाई करता येत नाही, म्हणून कागदच बरा.

मंगळवारी काय झालं ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे उद्या कोणी वेगळं सांगायला नको. रायापूरच्या पुढे टेकडीच्या फाटकाशी सगळे उतरले. तू पूर्ण बाह्यांचं पोलकं घातलं होतंस. मला वाटलं, उन्हासाठी घातलं असेल, शहाणी आहे. सासूबाईंनी ताट उचललं. मी छत्री उघडून तुझ्यापुढे धरली. तू दोन्ही हात पुढे केलेस. मला वाटलं छत्री घ्यायला. ते ताटाला होते. बाह्या वर सरकल्या आणि कोपरापर्यंत हिरवा चुडा दिसला.

सासूबाई चारचौघांत म्हणाल्या, थोरलीला आता ऊन सोसत नाही, ह्या वर्षीपासून धाकटी नेईल. तू ताट घेऊन चालायला लागलीस. मागे वळून बघितलंही नाहीस.

मी तिथे उभी, हातात उघडी छत्री, अंगावर चुडा. अंबूआत्या तोंडाला पदर लावून हसल्या. आमच्या ह्यांनी डोळ्यांनी खुणावलं, मीट म्हणून. मिटली नाही. मिटली असती तर चूक माझीच ठरली असती. सगळ्यांच्या मागे, एकटी, वरपर्यंत छत्री धरून गेले. पडले नाही. देवीने काही केलं नाही. जे केलं ते तू केलंस.

एवढंच विचारते. सासूबाईंना कळलं कसं? आपल्या दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

सरस्वती

॥ श्री ॥
नवनगर
१६ एप्रिल २०२५

ती. सौ. अक्कांस, मेधाचे कृ. सा. न. वि. वि.

पत्र मधल्या सुट्टीत वाचलं. पुढचा तास घेता आला नाही.

अक्का, आईंना मीच सांगितलं. पण मनात वाईट नव्हतं. मंगळवारी गाडीत बसल्यावर वाटलं, फाटकाशी एकदम छत्री दिसली तर त्या चारचौघांत तुम्हाला बोलतील. आधी कानावर घातलं तर राग ओसरेल. त्यांनी ऐकून घेतलं. रायापूर आल्यावर म्हणाल्या, ताट तू घे. मी नको म्हटलं. तर म्हणाल्या, मग जूनपासून श्रीनिधीला कोण सांभाळतं ते बघ, मी थोरलीकडे राहायला जाते. हे पुढे बसून रस्ता बघत राहिले. दोन वर्षांचं पोर कुणाकडे टाकून मी शाळेत जाऊ? नोकरी कायम व्हायला एकच वर्ष राहिलंय. पाच मिनिटांत मला काही सुचलंच नाही. तुम्हाला फोन करायलाही वेळ नव्हता.

मागे वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर ताट हातातून पडलं असतं.

तुम्ही मला जावेसारखं कधी वागवलं नाहीत. श्रीनिधीच्या वेळी सव्वा महिना तुम्ही माझ्या डोक्याला तेल लावलंत. तेच मनात धरून ह्या एका चुकीवर पांघरूण घाला. मोठेपण तुमच्याकडे आहे, मी फक्त मागते आहे.

तुमचीच
मेधा

॥ श्री ॥
हुबळी
२३ एप्रिल २०२५

चि. सौ. मेधास, अनेक आशीर्वाद. ह्या वेळी खरंच लिहिले आहेत, पोराच्या आईला म्हणून.

श्रीनिधीचं समजलं. सासूबाई काय म्हणाल्या असतील तेही मला ऐकू आलं, तेवीस वर्षं मीही ऐकलंय. भीती मला कळते. घाबरलीस म्हणून मी तुला दोष देत नाही.

पण गाडीत पाच मिनिटांत झालं, असं लिहू नकोस. काचेचा चुडा गाडीत भरता येत नाही, मेधा. त्याला कासार लागतो, हात दाबून घ्यावा लागतो, तास जातो. सोमवारी संध्याकाळी मी हुबळीत कासारापुढे हात धरून बसले होते. त्याच वेळी तूही तुमच्याकडे कुठेतरी बसली होतीस. बांगडी चढवताना मोठा हिसका बसला तेव्हा मला तुझी आठवण झाली, उद्या तू शेजारी असशील म्हणून. तुला माझी झाली का, ते विचारत नाही. रात्रभर फोन तुझ्या हाताशी होता. सकाळी बाह्यांचं पोलकं शोधून घातलंस. ते उन्हासाठी नव्हतं.

ताट गेलं ते सासूबाईंनी नेलं. त्याचं मला फार नाही. तेवीस वर्षांत एक माणूस माझ्या बाजूने उभं राहणार होतं, तेवढंच गेलं.

छत्री परत पाठवत नाही. चांगली आहे, रोज वापरते. रिक्षावाला आता पाऊस विचारत नाही. परवा म्हणाला, बायकोला घ्यायची आहे, कुठे मिळते. मी म्हटलं, जावेने दिली, तिला विचारावं लागेल.

पुढच्या चैत्रात मी येणार. फाटकापासून छत्री उघडून चालणार, कुणी काही म्हणो. ताट तुझ्याकडे असेल. दोन्ही हात गुंतलेले, डोक्यावर ऊन, आणि ती टेकडी अर्ध्यातच कशी अंगावर येते ते तुला अजून नीट ठाऊक नाही. मी तुझ्या शेजारूनच चालेन. छत्री मोठी आहे, दोघींना पुरते. तुझ्या डोक्यावर धरीन की नाही, ते आज मला सांगता येत नाही.

पोराला उन्हात सोडू नकोस. उत्तर लिहायची घाई नाही.

सरस्वती