जाकिटाच्या आतल्या खिशातले बियाणे

आदरणीय व्याही यांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? विहीणबाईंचा खोकला थांबला का? इकडे सगळे बरे आहे. म्हणजे मला काळजी वाटावी असे बरेच आहे, पण ते नेहमीचेच.

तुमचे पत्र पोचले. ‘आमची शिकलेली मुलगी तुमच्या माळ्यावरचे जुने बियाणे पाखडत बसली आहे, तिच्यासाठी इकडे नोकरी बघितली आहे, पाठवून द्या,’ असे तुम्ही लिहिलेत. वाचून माझे जेवणावरचे मन उडाले (संध्याकाळी परत आले, पण ते भाजी चांगली होती म्हणून). माझे शिक्षण बेताचे, त्यामुळे उत्तर सरळ रेषेत येणार नाही. आधी बियाण्याचा खुलासा करतो, नोकरीचे मग.

आमच्या घरामागे रानाला लागून जमिनीचा एक पट्टा आहे. तिथे आम्ही हरणा-सशांसाठी चारा पेरतो. त्यांना पोटाला इथेच मिळाले की ती पलीकडचा हमरस्ता ओलांडत नाहीत. मागच्या खेपेला मी पेरले ते धड उगवले नाही आणि एक हरणी ट्रकखाली गेली. तेव्हापासून सूनबाईने पट्टा आपल्याकडे घेतला. यंदा नवे बियाणे दुकानात वेळेवर आलेच नाही. माळ्यावर जुनी उरलीसुरली पोती होती, ओटची, मोहरीची आणि लसूणघासाची. मी म्हटले, हे मेलेले आहे, उकिरड्यावर टाका. ती म्हणाली, “बाबा, मेलंय की झोपलंय ते आधी बघू या.”

तिने प्रत्येकातले थोडे दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून शेगडीजवळच्या फळीवर ठेवले. किती उगवतात त्यावरून किती दाट पेरायचे ते ठरणार होते. आता तुम्हीच सांगा, घरात असे काही ठेवल्यावर माणसाला चैन पडेल का? मी अधूनमधून उघडून बघत होतो. (अधूनमधून म्हणजे चहाच्या आधी, चहानंतर आणि चहा नसला तरी.) एकदोन दाणे नखाने टोकरूनही पाहिले. परिणामी फडके वाळून पापड झाले आणि दाणे होते तसेच राहिले. दुसरी सून असती तर भांडी आपटली असती. ही एवढेच म्हणाली, “बाबा, तुमचं पांघरूण कुणी असं सारखं ओढलं, तर तुम्ही उठाल की चिडाल?”

दुसऱ्या वेळी तिने दाणे कुठे ठेवले ते सांगितलेच नाही. मी पिठाचा डबा पाहिला, कपाटे पाहिली, आमच्या मंडळींचा शिवणाचा डबा उपसला (त्यावर जे ऐकून घेतले ते इथे लिहीत नाही). अशातच माझ्या छातीत डावीकडे गार, ओलसर लागू लागले. मी ओळखले, आपले संपले. मुलाला किल्ल्या कुठे असतात ते दाखवले, बायकोला उगाच दोन गोड शब्द बोललो. ती घाबरली आणि मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी नळी लावायला जाकीट उघडले, आतल्या खिशात दोन बोटे घातली आणि प्लॅस्टिकची एक ओलसर पिशवी बाहेर काढली. आत फडक्याच्या तीन पुरचुंड्या, दोहोंतून पांढरे कोंब बाहेर आलेले. डॉक्टर म्हणाले, “आजोबा, छातीत काही नाही. खिशात मात्र शेत आहे.” बाहेर बसलेले पेशंट आपापली दुखणी विसरून हसले.

घरी येऊन मी आवाज चढवला. सूनबाई शांतपणे म्हणाली, “तुम्ही न उघडलेली तेवढीच एक जागा घरात उरली होती. शिवाय आंघोळ सोडली तर तुम्ही जाकीट झोपतानाही काढत नाही, ऊब छान मिळते.” मग तिने पुरचुंड्या सोडून कोंब मोजले. ओट बहुतेक सगळा उगवला होता, मोहरी निम्मी, लसूणघास अजिबात नाही. तिने लसूणघास बाजूला काढला, ओट नेहमीपेक्षा जरा दाट आणि मोहरी दुप्पट पेरली. मी पट्ट्याच्या कडेला खुर्ची टाकून काळजी करत बसलो (तेवढे काम माझ्याकडे होते).

व्याही, आज तो पट्टा येऊन बघा. कुठे तळहाताएवढी माती उघडी नाही. परवा पाडसाला घेऊन एक हरणी आली आणि पोटभर चरून मागे रानात गेली. रस्त्याकडे तिने मान वळवूनही पाहिले नाही. माझ्या डोळ्यांत कचरा गेला होता. जे मी टाकायला निघालो होतो ते या मुलीने टाकू दिले नाही. हल्ली मला वाटते, या घरात मीही जुना म्हणून अडगळीत जाणार नाही.

आपला,
काळजीखोर व्याही

ता. क. नोकरीचे राहिले. मुलगी तुमची आहे, नको म्हणायचा मला अधिकार नाही. पण नेऊ नका हो. हे मी लिहिले ते तिला कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचे राहून जाकिटाच्या आतल्या खिशात होते. सूनबाई हल्ली तिथे आधी बघते. सगळे वाचून म्हणते, ‘नोकरीला मी मागेच फोनवर नाही म्हणून सांगितलंय, माझ्या वडिलांनी तुम्हाला उगाच घाबरवलं.’ मी पत्र फाडायला घेतले तर हातातून काढून घेतले. म्हणाली, “असू द्या. एवढं कौतुक तुम्ही तोंडावर कधी केलं नसतं. माझ्या वडिलांनाही वाचू दे.” तेव्हा तीच टाकून येते आहे.