दिवेलागणीनंतरचं विरजण

चि. प्राचीस,
पिंपळवंडीहून आईचे आशीर्वाद.

हे पत्र मी पाठवणार न्हाई. पाठवलं तर तू घोडेगावच्या सभेत वाचून दाखवशील.

जंतूंचं शास्त्र शिकून बीएस्सी झालीस अन् हिंदू-मुसलमानांत सलोखा करत गावोगाव फिरतीस. "शिक्षण वाया गेलं," असं तुझे वडील अजून म्हणत्यात. मिरवणुकीच्या भांडणापासून शेजारची जैतुनबी आपल्या दारात आली न्हवती. दिवाळीला तू आलीस अन् सरळ तिच्याकडं विरजण मागायला गेलीस. मी चिडले, तर म्हणालीस, "आई, मागायला गेलं की भांडण टिकत न्हाई."

काल जैतुनबीच वाटी घेऊन आली. "सारजाबाई, विरजण हाय का?"

मी नुकताच दिवा लावला व्हता. दिवेलागणीनंतर विरजण दिलं की लक्ष्मी जाते, हे तिलाबी ठाऊक. "ऱ्हाऊ द्या, उद्या येते," म्हणून ती वळली. मी तिला हात धरून आत आणलं अन् वाटीत विरजण घातलं.

पोरी, तुला जंतू कळतात तशी माणसंबी लई कळतात.

आज तिनं दही पाठवलं. विरजण आपलंच, पण दही आपल्यापेक्षा घट्ट लागलंय. हे मात्र मी तिला सांगणार न्हाई.

तुझी,
आई