जोवेलिनच्या वादळाला पगार किती?

विराक, कातांदुआनेस बेट
शुक्रवार

माझी थोरली बहीण मनाय लोरिंग, आणि हाँगकाँगच्या त्या पुलाखाली रविवारी पुठ्ठे अंथरून तिच्याभोवती बसलेल्या समस्त भगिनींनो,

इकडे देवाच्या कृपेने सगळे खुशाल, डुकरं धरून. लोरिंग, तुझा गुडघा कसा आहे? मालकिणीची म्हातारी अजून थाळ्या भिरकावते का?

पत्र तू मोठ्याने वाचतेस हे ठाऊक आहे, म्हणून तुम्हां सगळ्यांचं दुःख आधी जाहीर मांडतो. परक्यांची पोरं न्हाऊमाखू घालून तुम्ही आपल्या पोरांच्या फिया भरता, आणि तीच पोरं एक दिवस अशा विषयाचं नाव घेतात की ज्याचा उच्चार तुम्हांला जमत नाही आणि ज्याचा पगार कुणी सांगत नाही! (टाळ्या पडल्या तर मनायने इथे थांबावं.)

आमच्या जोवेलिनचंच, या लोरिंगच्या लेकीचंच बघा. सगळ्या गावाने तिला नर्स ठरवलेली (मागच्या जत्रेत मीच चौकात तसा फ्लेक्स लावला होता), आणि ती म्हणते हवामानशास्त्र! लोरिंग, तू मला हुकूम सोडलास की त्यात मिळकत किती ते शोध, मग मी हो की नाही सांगते. प्रवेशाची मुदत बुधवारी संपते. आयुष्यात मी मीठ, गुलामगिरी आणि मधमाश्या यांवर ग्रंथ वाचले, भाषणंही ठोकली. पण हवा ओळखणाऱ्याचं पोट कशावर भरतं, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. पडला, तो मला झोपू देईना.

आधी बाजारात गेलो. मासळीवाली तिकाय म्हणाली, "टीव्हीवर नकाशापुढे उभी राहते ती ना? त्याला उंची लागते, नेमेस. तुमच्या घराण्यात उंची कुठाय?" पाद्रीबाबांना विचारलं, तर त्यांच्या मते हवामान देवाच्या हाती असतं, आणि त्या खात्यात भरती निघत असेल असं त्यांना वाटत नव्हतं.

मग जोवेलिनला घेऊन टेकडीवरच्या हवामान केंद्रावर गेलो. तिथल्या एनग्रासियाबाई शेंगदाणे खात एक अवाढव्य पांढरा फुगा फुगवत होत्या. त्याला यंत्र बांधून आभाळात सोडतात, ते वरचा वारा मोजून कळवतं. मी पगार विचारताच त्यांनी फुग्याची दोरी माझ्या हातात दिली. "धरा दादा, धरा मनोय, यंत्र आणते. आणि पगार म्हणाल, तर इथल्या खासगी दवाखान्यातल्या नर्सच्या दुपटीच्या आसपास. तुमची बहीण तिकडे मिळवते साधारण तेवढा. फक्त रात्री आपल्या घरात झोपायचं."

लोरिंग, मी हललो. म्हटलं, "मग जागा मिळत नसेल!"

"जागा हव्या तेवढ्या. माणसंच टिकत नाहीत. आखातातले विमानतळ उचलतात, विमा कंपन्या उचलतात, पवनचक्कीवाले उचलतात."

"आणि तुम्ही, बाई?"

"मी? माझे कागद आखातात कधीच गेलेत! तुमची भाची शिकून येईल तेव्हा ही खुर्ची रिकामीच असेल."

मला राहवेना. गरजलो, "वादळं आमच्या बेटावर, आणि वादळ ओळखणारे वाळवंटात!" आणि दोन्ही हात वर फेकले. (वक्त्याचे हात, लोरिंग, ते वाक्यामागून जातात.)

"मनोय, फुगा!" बाई किंचाळल्या.

फुगा यंत्राविनाच वर गेला. सुंदर दिसत होता. दुसरा भरेपर्यंत बाईंनी मला शेंगा सोलायला बसवलं.

उतरताना मी जोवेलिनला विचारलं, "पोरी, तुला ही पगाराची गोष्ट ठाऊक होती?"

"नाही, तियो."

"मग हेच खूळ का?"

ती म्हणाली, "वादळ आलं की आई तिकडून फोन करायची. 'छप्पर राहील का गं?' मी म्हणायची, माहीत नाही. मग ती रडायची. तियो, मला 'माहीत नाही' म्हणायचा कंटाळा आलाय."

यावर मला भाषण सुचलं नाही. (भगिनींनो, ही घटना नोंद घेण्यासारखी आहे.)

तुझा धाकटा,
नेमेसिओ

ता.क. नर्सच्या टोपीतल्या जोवेलिनचा फ्लेक्स आता डुकरांच्या छपरावर आहे. तिचा चेहरा वाऱ्याच्या उलट बाजूला बांधलाय, अशी तिचीच सूचना. काल पाऊस झाला, गळला नाही.

ता.क. दुसरा. आता खरं काम. टेकडी उतरून बाजारात आलो तर तिकायने विचारलं, "मग, उंची वाढली का?" माझं डोकं फिरलं. माशांच्या टोपलीवर चढून मी जाहीर करून टाकलं, की मनाय लोरिंगने होकार दिला आहे! लोकांनी टाळ्या वाजवल्या. जोवेलिन मागेच उभी होती. तिने मला अशी मिठी मारली की चष्मा कोळंबीत पडला. पोर अजून हसतेच आहे. सुट्टी संपवून तिकडे परतणारी नेनिता उद्याच्या विमानाने हे पत्र आणते आहे. रविवारी तुझ्या हाती पडेल. तेव्हा लोरिंग, पुठ्ठ्यावरून उठूही नकोस. आत्ता, या बायांच्या देखत, जोवेलिनला फोन लाव आणि 'हो' म्हण. ती आभार मानेल, तेव्हा चकित मात्र होऊ नकोस.