सात वाजता उठणारं फंक्शन

सोमवार, ५ फेब्रुवारी

संकल्प. या आठवड्यात हरिदासची लायब्ररी साफ करणार. लायब्ररी म्हणजे आमच्या सर्व्हरवरच्या कोडचा साठा, माझ्या या ऑफिसातल्या मित्राने लिहिलेला. तो गेल्याला वर्ष होत आलं, पण ऑफिसात कुणी त्याला हात लावत नाही. मी भावनेत अडकणारा माणूस नाही. (ऑफिसला जात नाही ते पाठीमुळे. तिथल्या खुर्च्या वाईट.)

बायकोला, कीर्तीला, समजावून सांगितलं. हॅश फंक्शन म्हणजे फाइल दळून तिचा ठसा काढणारी गिरणी. आमच्या लायब्ररीत अशा नऊ. पहाटे सर्व्हर सुरू झाला की नऊच्या नऊ लोड होतात, काम असो नसो. आता जिला हाक येईल तेवढीच उठेल. कीर्ती म्हणाली, छान, पण पाणी आलंय, टाकीकडे बघा.

एका दिवसाचं काम.

बुधवार, ७ फेब्रुवारी

झालं. (मध्ये लाइट गेली होती.) आता फंक्शन उठलं की लॉगमध्ये, सर्व्हरच्या नोंदवहीत, वेळेसकट एक ओळ पडते. नऊपैकी एमडीफाइव्ह सगळ्यात म्हातारं, ते कुणीच वापरत नाही. सगळा कोड शोधला. शून्य.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

काल संध्याकाळी सात वाजता एमडीफाइव्ह उठलं. कुणी उठवलं? योगायोग.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

कालही. सातलाच. हरिदास सातला लॅपटॉप मिटायचा आणि म्हणायचा, चल चहाला. हे इथे उगाच लिहिलं. काही संबंध नाही.

शनिवार, १० फेब्रुवारी. सायं. ७.४०

आज सातला समोर बसून बघायचं ठरवलं होतं. पावणेसातला आठवलं, पाव आणायचाय. घरात पाव होता म्हणे. आल्यावर पाहिलं तर ते उठून गेलेलं.

मला भीती वाटत नाही. सगळे दिवे लावलेत ते डासांसाठी.

सोमवार, १२ फेब्रुवारी

कीर्ती म्हणाली, तुम्हाला हरिदासभावजींची आठवण येतेय, शालनवहिनींना एक फोन तरी करा, वर्षभरात केला नाहीत. मी म्हटलं, काम आहे. काय बोलणार त्यांच्याशी?

निर्णय: उद्या एमडीफाइव्ह मुळापासून काढायचं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी. सायं. ८.००

काढलं. सातला समोर बसलो. सातला एरर: एमडीफाइव्ह सापडले नाही. मिनिटाने पुन्हा. मग पुन्हा पुन्हा, बाहेरून कुणी कडी वाजवावी तसं. पावणेआठला थांबलं.

जिंकलो. जेवण जाईना, दुपारच्या वांग्यामुळे.

बुधवार, १४ फेब्रुवारी

शालनवहिनींचा फोन. हरिदास गेल्यावर त्या माहेरी, केम गावी राहतात. म्हणाल्या, भावजी, ह्यांचा आवाज काल सांजच्यापास्नं उघडंना झालाय. लई येळा दाबलं. माझंच कुटं चुकलं का वो?

हरिदासने त्यांच्या फोनवर छोटं अ‍ॅप करून दिलं होतं. ऑफिसातून तो त्यात बोलून निरोप ठेवायचा. निरोप आमच्याच सर्व्हरवर, एमडीफाइव्हने काढलेल्या ठशांच्या नावांनी; अ‍ॅप वहिनींच्या फोनवर, म्हणून आमच्या कोडात सापडलं नाही. रानातून आल्यावर, सातला, वहिनी एक ऐकतात. रोज तोच.

मी म्हटलं, सर्व्हर बिघडलाय, तुमचं काही चुकलं नाही. लगेच फोन ठेवला. बॅटरी कमी होती.

दुपारपर्यंत सगळं होतं तसं केलं. पुन्हा नऊच्या नऊ एकदम लोड. कोण कधी उठतं ते आता दिसणार नाही. कोडच्या वर एक ओळ लिहिली: हात लावू नये.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

वहिनींनी व्हॉट्सअ‍ॅपवर तो निरोप पाठवला. उघडला, चालतो की नाही हे कळावं म्हणून. हरिदास म्हणतो, शालन, आज पाणी येणार हाय. टाकी भरली की मोटर बंद कर, इसरू नको.

एवढंच.

पुन्हा लावला. मग पुन्हा. सात वाजले तरी तिथेच बसून होतो. आमची टाकी भरून वाहत होती, गल्लीपर्यंत पाणी गेलं. कीर्तीनेच जाऊन मोटर बंद केली.