ताईचं उतरलेलं वजन

डॉक्टर विश्वजीत सरांस,

"बाई, आधी खाणं आवरा, पोट आपोआप दुखायचं थांबेल." तीन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या ताईला, सत्यभामाला, हे सांगितलं होतं. तिला तपासायला टेबलावर झोपवलंही नव्हतं. तिनं ते मनावर घेतलं, आणि मीही. तिच्या ताटातली दुसरी भाकरी मी उचलून ठेवायचे. "एवढी तरी राहू दे गं," ती म्हणायची, आणि मी हसून डब्याचं झाकण लावायचे.

पुढच्या वर्षी तिचं वजन अकरा किलोंनी उतरलं. आम्ही गारखेड्यातल्या तुमच्या दवाखान्यात पेढे घेऊन आलो. तुम्ही एक खाल्लात आणि बाहेर बसलेल्या बायकांना म्हणालात, "बघा, याला म्हणतात जिद्द!" ताई लाजली. पोट अजून दुखतंय, हे त्या कौतुकापायी तिनं सांगितलंच नाही. मला ठाऊक होतं. मीही गप्प राहिले.

तेव्हा तिच्या अंडाशयात कॅन्सरची गाठ वाढत होती, वजन त्यामुळे उतरलं होतं. आता मोठ्या दवाखान्यानं तिला घरी न्यायला सांगितलंय. ताई म्हणते, "मीच लई खाल्लं गं, दोष कुणाला देऊ?" मी कितीही समजावलं तरी तिला पटत नाही. तिचा विश्वास अजून तुमच्यावरच आहे.

हे पत्र दोनदा तुमच्या दारापर्यंत आणून परत नेलं. एकदा घरी या. तिच्या उशाशी बसून सांगा, की चूक तिची नव्हती. तुम्ही येणार नाही, तरी विचारते. याल का?

सत्यभामाची धाकटी बहीण,
रत्नमाला